भाताचा पेंढा, बावीचं पाणी आणि ॲसिड : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५

१९ ऑक्टोबर २०२४

आजपासून वही सुरू. आमची वाडी मालवण तालुक्यात, खाडीपासून चालत वीस मिनिटांवर. काम असं: भाताचा पेंढा धुऊन, गरज पडेल तिथे सौम्य ॲसिडात भिजवून, बॉयलरमध्ये जाळण्याजोगा करता येतो का ते पाहायचं.

हे का करतेय तेही लिहून ठेवते. शेजारच्या गावात काजूचा छोटा कारखाना आहे. बी उकडायला तिथे बॉयलर आहे. पूर्वी त्यात काजूचीच टरफलं जाळत. आता टरफलांतून तेल काढणारं गिऱ्हाईक दारात येतं, म्हणून टरफल विकलं जातं आणि बॉयलरच्या तोंडात लाकूड जातं. ते लाकूड आमच्या मागच्या डोंगरावरचं. ऐन, किंजळ. ज्या झाडांच्या सावलीत आम्ही भावंडं करवंदं खात बसायचो, त्यांचे ओंडके ट्रॉलीतून उतरताना पाहिले त्या रात्री मला झोप आली नाही. आणि त्याच आठवड्यात खालच्या मळ्यात भिजलेला पेंढा बांधावर ढीग करून पेटवलेला पाहिला. त्या दोन दृश्यांमधून हे काम निघालं.

कारखान्याच्या मालकांनी गेल्या वर्षी पेंढा यंत्रात दाबून केलेल्या कांड्या जाळून पाहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जाळीवर राखेची लादी बसली, खालून हवा येईना, शेवटी बॉयलर थंड करून छिन्नीने फोडावी लागली. त्या लादीचा एक तुकडा मी मागून आणलाय. हिरवट काळा, आत बुडबुडे अडकलेले, कडेला हात लावला तर कापेल असा. काचच ती.

२० ऑक्टोबर

लादी का बसते ते आधी नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर उगाच पाणी ओतत बसू.

भाताच्या पेंढ्यात राख फार. वजनाच्या पंधरा ते वीस टक्के. लाकडात ती एक-दोन टक्क्यांवर क्वचितच जाते. त्या राखेत तीन चतुर्थांशाच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच. भाताचं पातं बोटाला कापतं ते हिच्यामुळे. निव्वळ सिलिका १७०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, बॉयलरच्या जाळीवर तिचं काही होणार नाही. पण सोबतीला पोटॅशियम असलं की दोघांची मिळून काच होते, आणि ती ७५०-८०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागते. पेंढ्यात पोटॅशियम दीड-दोन टक्के असतं. शिवाय क्लोरीन. पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांना वितळतं, धगीत त्याची वाफही होते, ती पुढे नळ्यांवर जाऊन चिकटते, आणि तिच्यातलं क्लोरीन हळूहळू लोखंड खातं.

म्हणजे राख कमी करायच्या मागे लागून उपयोग नाही. राखेतलं पोटॅशियम आणि क्लोरीन काढायचं आहे, सिलिका राहिली तर राहू दे. पोटॅशियम झाडाच्या काडीत कशाला पक्कं बांधलेलं नसतं, रसात मोकळं फिरत असतं. म्हणून ते पाण्यात उतरतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडं पोटॅशियम मात्र धाग्यांना धरून बसतं; ते सोडवायला ॲसिड लागतं.

इथे एक गल्लत होते ती टाळायला हवी. 'पेंढ्यावर ॲसिडची प्रक्रिया' म्हटलं की बहुतेक ठिकाणी इथेनॉलची कृती सांगितलेली असते: सौम्य गंधकाम्लात पेंढा दाबाखाली दीडशे अंशांच्या वर शिजवायचा, म्हणजे त्यातलं हेमिसेल्युलोज (काडीच्या धाग्यांतला एक घटक) फुटून साखर सुटते. आम्हाला ते नको. ती साखर पाण्याबरोबर गेली तर जळण्याजोगा माल गेला. आमचं ॲसिड थंडच राहणार.

२३ ऑक्टोबर

पेंढा गोळा केला. तीन प्रकारचा, तीन गोणींत, खुणेची चिठ्ठी लावून.

पहिला काकींच्या मळ्यातला, झोडणी होऊन उडवीवर चढण्याआधीचा, सोनेरी, कोरडा. दुसरा खाडीकडच्या खार जमिनीतला. तिथे भरतीचं पाणी बांध फोडून कधीमधी आत येतं, म्हणून पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या खारवट मातीच्या जाती काहीजण लावतात. तिसरा परतीच्या पावसात कापून पडलेला, शेतातच भिजलेला, काळपट.

पहिल्या गोणीसाठी काकींच्या पाया पडायचंच बाकी होतं. गुरांचं वर्षाचं खाणं आहे ते, त्यांचं बरोबरच आहे. तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या गवत गुरां खानत नाय, ता घेवन जा." मी तो नमुना म्हणून उचलला, फारशी आशा नव्हती.

२७ ऑक्टोबर

साधनं: पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, पीएचच्या पट्ट्या (पाणी किती आंबट ते दाखवतात; आकडा जितका कमी तितकं आंबट), तागडी, वीस लिटरच्या बादल्या. मीटर पाण्यातले क्षार नाव घेऊन सांगत नाही, एकूण किती उतरले त्याचा अंदाज देतो. आमच्या कामाला तेवढं पुरे.

पेंढा कुट्टी मशीनवर बोटभर लांबीचा कापला. एक किलोला एकूण वीस लिटर पाणी, दोन तास, मधून मधून दांड्याने ढवळणं. बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्याचं वाचन ८५ (लिटरला मिलिग्रॅम; पुढचे आकडेही तसेच). जांभ्यातलं पाणी, गोडंच.

मळ्यातला पेंढा: पहिलं पाणी ९४०, दुसरं २९०, तिसरं १४०.
खार जमिनीतला: पहिलंच १४८०.
पावसात भिजलेला: पहिलंच ३१०.

तिसऱ्या आकड्यावर विश्वास बसला नाही. गोणी बदलली की काय म्हणून पुन्हा केलं. ३२५. निसर्गाने आमचं निम्म्याहून जास्त काम शेतातच करून ठेवलं होतं. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तोच पेंढा बॉयलरला सगळ्यात चांगला. काकींना सांगितलं तर त्या खूश, त्यांचा चांगला पेंढा वाचला.

२८ ऑक्टोबर

रात्री आकडे घेऊन बसले. दुसऱ्या पाण्याचं २९० वाचन फसवं आहे. निथळल्यावरही एक किलो पेंढा चार लिटर पाणी धरून ठेवतो, आणि ते पाणी पहिलंच, ९४० वालं. त्यात सोळा लिटर बावीचं घातलं की नुसत्या मिसळण्यानेच २५६ यायला हवं. म्हणजे दुसऱ्या धुण्यात काडीतून नवं असं फक्त तीस-पस्तीस आलं. बाकीचं मागचंच वाहून आणलेलं. तिसऱ्याचंही तसंच.

यातून निघालं ते असं: अजून एक पाणी घालण्यापेक्षा आधीचं पाणी पिळून काढणं जास्त कामाचं. दोन सागवानी फळ्या आणि भावाच्या जीपचा जॅक घेऊन दाब दिला. चार लिटरांचं दीड लिटर राहिलं. दुसरं पाणी लगेच १८० वर आलं. जॅक परत द्यावा लागला, पण भावाने दुसरा शोधून देतो म्हटलंय.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. काम बंद.

९ नोव्हेंबर

ॲसिडचा पहिला दिवस. बॅटरीत घालायचं गंधकाम्ल आणलं, ते साधारण एक तृतीयांश तीव्रतेचं असतं. कडक ॲसिड मुद्दाम घेतलं नाही. घरात लहान पोरं आहेत आणि माझ्याजवळ प्रयोगशाळेसारखी सोय नाही.

निळ्या प्लास्टिकच्या पिंपात आठ किलो कुट्टी, १६० लिटर पाणी. अर्धा टक्का ॲसिड करायचं म्हणजे ८०० ग्रॅम लागतं, बॅटरीचं जवळजवळ दोन लिटर. पिंपात आधी पाणी, मग त्यात ॲसिड, बारीक धारेने, सावकाश. उलट कधीही नाही. ॲसिडात पाणी पडलं की ते उकळून अंगावर उडतं. हे मी पिंपावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, कारण मदतीला येणारा मुलगा नववीतला आहे. त्याला हात लावू दिला नाही, फक्त घड्याळ पाहायला बसवलं. चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट, आणि बाजूला खायच्या सोड्याचं पाणी भरलेली बादली.

चूक झाली ती लिहिते. पेंढा वर तरंगू नये म्हणून मी वरून जाळी दाबून ठेवली होती. कोंबड्यांच्या खुराड्याची, जस्त चढवलेली. पाचच मिनिटांत पाणी फसफसायला लागलं. ॲसिड जस्त खात होतं आणि हायड्रोजन सुटत होता. शेजारी चूल पेटलेली नव्हती हे नशीब. जाळी काढली, सगळं पाणी सोड्याने मारून टाकलं, म्हणजे ॲसिडचा जोर घालवला. दोन लिटर ॲसिड गेलं.

११ नोव्हेंबर

आता जाळीऐवजी बांबूचा हारा उलटा घातलाय आणि त्यावर जांभ्याचा दगड. हाऱ्यात एकही खिळा नाही हे पाहून घेतलं. चार तास ठेवलं. सुरुवातीला पीएच १, शेवटी दीडच्या आसपास.

मग धुणं. आणि इथे ॲसिडची खरी किंमत कळली. साध्या पाण्यात धुतलेला पेंढा दुसऱ्या पाण्याला आटोपतो. ॲसिडातला पाचव्या पाण्यालाही पट्टीवर पिवळाच येत राहिला. ॲसिड काडीत राहून गेलं तर गंधक जाळात जाणार आणि धुरातून परत ॲसिड बनून नळ्यांना लागणार. एक दुखणं काढून दुसरं घालण्यात अर्थ नाही. हायड्रोक्लोरिक घेतलं असतं तर आणखी वाईट, ज्या क्लोरीनला आपण बाहेर काढतोय तेच परत आत.

आठ किलो पेंढ्याला सहाशे लिटरहून जास्त पाणी गेलं. आजी बावीवर उभी राहून रहाट पाहत होती. "बाव आटली तर पियाक पाणी खयसून हाडतलस?" तिच्या काळात मे महिन्यात रात्री दोनला उठून बावीच्या तळातून वाटीने पाणी भरायचे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी जांभा ते धरून ठेवत नाही. तिचा प्रश्न हा या प्रकल्पाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे असं मला वाटतं. ॲसिडचा भाव त्यानंतर.

१८ नोव्हेंबर

ओळखीच्या एका महाविद्यालयात भट्टी वापरायला मिळाली. मळ्यातल्या पेंढ्याचे तीन नमुने: न धुतलेला, दोन पाण्यांत धुतलेला, ॲसिडातला. ५५० अंशांना राख केली.

राख: न धुतलेल्याची १७ टक्के, पाण्यातल्याची साडेचौदा, ॲसिडातल्याची १४. फरक दिसायला छोटा, आणि तो तसाच असणार, कारण सिलिका जिथल्या तिथे आहे. खरा फरक रंगात. न धुतलेली राख काळपट करडी, गुठळ्या झालेली. पोटॅशियम वितळून सिलिकेला चिकटतं आणि मध्ये कोळशाचा कण कोंडतो, तो मग जळतच नाही. पाण्यातली फिकट करडी. ॲसिडातली पांढरीशुभ्र, फुंकर मारली तर उडेल अशी.

मग राखेत थेंब थेंब पाणी घालून शिवलिंगासारखे छोटे सुळके केले, सुकवले आणि भट्टीत ठेवून तापमान चढवत नेलं. ९०० ला न धुतलेल्याचं टोक गोल झालं. १००० ला तो बसला, कडेने चकाकी आली. टेबलावरच्या लादीची तीच चकाकी. पाण्यातला १००० पर्यंत ताठ, ११०० ला टोक किंचित बोथट. ॲसिडातला ११०० ला जसाच्या तसा. त्यापुढे भट्टी जात नाही.

हा दिवस मी विसरणार नाही. भट्टीच्या दारातून तो सुळका उभा दिसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

पण घरी येताना बसमध्ये हेही मनात आलं: मालकांच्या बॉयलरची जाळी ११०० ला जाते कुठे? दोन पाण्यांनी जे साधलं ते त्यांना पुरेसं असेल, तर ॲसिडचा हट्ट कुणासाठी?

७ डिसेंबर

पाणी वाचवायची रीत बसली. पिंपं तीन मांडली. दुसऱ्या धुण्याचं पाणी फेकायचं नाही, पुढच्या घाण्याचं पहिलं धुणं त्यातच करायचं. म्हणजे ताजं पाणी नेहमी जवळजवळ स्वच्छ झालेल्या पेंढ्याला मिळतं आणि मळकं पाणी सगळ्यात मळक्या पेंढ्याला. आजी तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला घेते, तसंच. किलोला पंधरा-सोळा लिटर ताज्या पाण्यात काम होतं. जॅकही आता आपला स्वतःचा.

१२ जानेवारी २०२५

धुवण कुठे घालायचं यावर डिसेंबरभर विचार चालला होता. हा भाग मला प्रकल्पाचा अर्धा वाटतो. पोटॅशियम हे बॉयलरला विष आणि जमिनीला अन्न. पेंढा शेतातून नेला तर शेताचं पोटॅशियमही नेलं, ते परत दिलंच पाहिजे. आमच्याकडे राब भाजतात, पाला-कवळ-शेण पसरून जाळतात आणि त्या राखेवर रोप टाकतात. राखेतलं जे रोपाला लागतं त्यातलं मोठं द्रव्य हेच.

पहिल्या पाण्यात क्लोराइडही भरपूर आहे. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की लगेच दुधासारखं पांढरं होतं. ते हापूसच्या कलमांना घालणार नाही, आंब्याला क्लोराइड सोसत नाही, पानांची टोकं करपतात. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "माडाक मीठ घालतत ता कित्याक, म्हायत आसा?" खरंच, जुनी माणसं माडाच्या आळ्यात मीठ घालत आली आहेत, आणि नारळाला क्लोरीन पोषण म्हणून लागतं हे आता शास्त्रही सांगतं. तेव्हा पहिलं पाणी माडांना. खालच्या आगरातल्या बावीस माडांना आळीपाळीने.

ॲसिडचं धुवण मात्र तसंच सोडता येणार नाही. आमची जांभ्याची माती आधीच आंबट. त्यात चुलीतली लाकडाची राख थोडी थोडी घालत गेले. फेस येतो, मग शांत होतं. पीएच सहाला आणून थांबवलं. राखेतल्या चुन्याचा जिप्सम होऊन खाली बसतो, वर राहतं ते बहुतेक पोटॅशियम सल्फेट. ते कलमांना चालतं. एका घाण्याला पाच-सहा किलो राख लागली. इतकी राख रोज कुठून आणणार?

२ फेब्रुवारी

तेच ॲसिड तीन घाण्यांना वापरून पाहिलं. तिसऱ्याला पीएच अडीचवर गेला आणि पेंढ्यात मागच्याच घाण्यांचं पोटॅशियम परत शिरायला लागलं. दोनदा वापरावं, पुढे नको.

१६ मार्च

शिमगा. पालखी घरी येऊन गेली. पाहुण्यांपैकी एकजण कोकमाचं आगळ वापरून पाहा म्हणाले, आंबट तर आहे. आगळात मीठ असतं, म्हणून ते नको. पण बोंडूची कल्पना चांगली वाटली. काजूच्या बागांत बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजतात, ढिगांनी. रस काढून आंबवला तर फुकटचं ॲसिड, आणि सेंद्रिय, जाळात गेलं तरी मागे गंधक नाही.

५ एप्रिल

बोंडूचा रस तीन आठवडे आंबवला. व्हिनेगरचा वास, पीएच ३. पेंढा त्यात बुडवायच्या आधी सवयीने मीटर घातला आणि तिथेच थांबले. रसाचंच वाचन २००० च्या वर. फळांच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. तरीही एक किलोचा घाणा करून राख केली: चिकट, काळी, बोटाला ओशट. न धुतलेल्याहून वाईट. बोंडूचा नाद इथे संपला.

करवंटीच्या कोळशाच्या भट्टीतून धूर थंड करून जे आंबट पाणी मिळतं तेही मागवलं होतं. ते धुरातून आल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नाहीत, मीटरवर छान. पेंढाही चांगला उतरला. पण त्यात डांबर असतं, आणि ते धुवण कुठल्याच झाडाला घालायची माझी छाती होईना. बाटलीभर ठेवलंय.

१९ एप्रिल

कांड्या आल्या. भिजलेल्या काळ्या पेंढ्याच्या दोनशे किलो, एकदाच पाण्यातून काढून पिळलेला. ॲसिडातल्या फक्त चाळीस किलो. दोन्हींत वखारीतला भुसा तिसरा हिस्सा मिसळला, नुसत्या पेंढ्याची कांडी दाबात नीट धरत नाही. वाळवण आमच्या खळ्यावर झालं, चार दिवस, दर दोन तासांनी उलटवून. बारा टक्क्यांच्या वर ओल राहिली तर यंत्रात वाफ कोंडून कांडी फुटते, म्हणून घाई केली नाही.

२४ आणि २५ एप्रिल

बॉयलर. दोन दिवस मी तिथेच बसून होते.

पहिल्या दिवशी पाण्यातल्या कांड्या. ज्वाला पिवळी, मोठी. वाफेचा दाब लाकडाइतका चढायला दहा-बारा मिनिटं जास्त लागली. सुक्या पेंढ्याची उष्णता किलोला साडेतीन हजार किलोकॅलरीच्या आसपास, चांगल्या लाकडापेक्षा कमी, तेव्हा हे अपेक्षितच. संध्याकाळी जाळी उघडली. लादी नाही. हवेच्या बाजूला सुपारीएवढ्या चार-पाच गुठळ्या, सळईने टोचल्या तर चुरा होत होत्या. मालकांनी एक गुठळी उचलली, अंगठ्याने दाबली, भुगा झाला. काही बोलले नाहीत, खिशातला रुमाल काढून हात पुसला आणि आमच्या सगळ्यांसाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी ॲसिडातल्या. गुठळी एकही नाही. पण तोंड उघडलं की नाकात झोंबत होतं. पाच पाण्यांनंतरही गंधक राहिलेलं. भट्टीवाल्या दादांनी दुपारनंतर तोंडाला फडकं बांधलं. ते पाहून माझा निर्णय झाला.

दोन्ही दिवस एक तक्रार समान: राख. लाकडावर दिवसातून एकदा ओढायची राख इथे दर दोन तासांनी ओढावी लागली. पाणी असो की ॲसिड, सिलिका जाणार नाही, आणि ती ओढणाऱ्या माणसाच्या पाठीचा हिशेब मी आजवर कुठेच मांडला नव्हता. मोठी राखपेटी आणि खाली ओढायचा दांडा करून द्यायचं कबूल करून आले. लाकूड निम्मं आणि कांड्या निम्म्या, अशा बेताने मालक पुढच्या हंगामाला तयार आहेत.

२८ एप्रिल

ॲसिडचं पिंप रिकामं केलं, मारलं, धुतलं. इंधनासाठी ॲसिड बंद. आमच्या जाळीला जेवढं हवं तेवढं पाणी देतं. ॲसिडचा वरचा फायदा खरा आहे, तो सुळका मी डोळ्यांनी पाहिलाय, पण त्याची किंमत बावीने, राखेने आणि दादांच्या घशाने मोजायची आहे. जिथे भट्टी फार तापते, धुवायला नदीचं पाणी आहे आणि सांडपाण्याची सोय आहे, तिथे ते करावं. तुसाची पांढरी सिलिका काढून विकायची असेल तर ॲसिड कामाचं, तिथे त्याचा मान आहे. आमच्या वाडीत नाही.

१० मे

नवा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चौरस मीटरला पाच किलो पेंढा पसरला आणि किलोला वीस लिटर पाणी धरलं, तर शंभर मिलिमीटर पाऊस लागेल. आमच्याकडे तो एका दिवसातही पडतो. मग बावीला हात लावायचाच कशाला?

बांबूचा माच बांधायला घेतलाय, सहा चौरस मीटर, कमरेइतका उंच. खाली ताडपत्री उतरती, तिचं तोंड पाटात, पाट माडांकडे. खरा उपयोग ऑक्टोबरचा, परतीच्या सरींत धुवायचं आणि मागून येणाऱ्या उन्हात वाळवायचं. पण माच तपासायला जूनच्या पहिल्या सरी पुरतील.

१९ मे

माच तयार. काकींनी उडवीतला तीस किलो चांगला पेंढा स्वतःहून दिला. पसरला.

२१ मे

कालपासून पाऊस. जूनची वाट पाहत होतो आणि हा असा कोसळतोय. आंबा अजून झाडावर असलेल्यांचे हाल आहेत, शेजारच्यांची साठ पेटी गेली. माचाखालून पहिलं निथळलं ते चहाच्या रंगाचं, वाचन २१००. दोन तासांनी ७६०. रात्री बॅटरी घेऊन गेले, १९०.

२५ मे

मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. माचाखालचं वाचन आज सकाळी ३५, नुसत्या पावसाच्या पाण्याचं १५. पाट वाहतोय, खालच्या रांगेतल्या माडांची आळी भरली आहेत.

पेंढा धुऊन झाला, पण वाळायला ऊन नाही. चार दिवस असाच राहिला तर बुरशी धरेल. बॉयलरच्या धुराड्याच्या बाजूची भिंत कायम गरम असते, तिथे पत्र्याच्या शेडखाली दोन थरांची मांडणी बसेल असं मी एप्रिलमध्ये पाहून ठेवलं होतं. उद्या पहिल्या एस्टीने मालकांना विचारायला जाते. भाऊ जीप देतो म्हणालाय, पण साकवावर पाणी आलं नाही तर.